सहा गठ्ठे आणि अ-ब-क-ड : कार्यालयातल्या माणसांना दप्तर लावायला कसे शिकवावे

नवीन कनिष्ठ सहायक रुजू झाला की त्याला टेबल मिळते, टेबलामागचे कपाट मिळते आणि कपाटात आधीच्या माणसाने रचलेला ढीग मिळतो. तो ढीग लावायचा कसा हे कोणी दाखवत नाही. फार तर ‘शेजारच्या संकलनात (म्हणजे ठरावीक विषय सांभाळणाऱ्या टेबलावर) विचारून घ्या’ असे सांगतात. मग वार्षिक तपासणीची तारीख आली की दोन-तीन दिवस सगळी शाखा फायलींचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधत बसते आणि तपासणी संपली की पुन्हा जैसे थे. हे टिपण ज्या अधीक्षकावर किंवा सहायक प्रशासन अधिकाऱ्यावर शाखेतल्या लोकांना अभिलेख व्यवस्थापन शिकवायची जबाबदारी येते, त्याच्यासाठी आहे. उदाहरणे महाराष्ट्रातल्या शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयांची आहेत.

दप्तर लावणे सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून शिकवता येत नाही. शिकणाऱ्याचे स्वतःचे कपाट हेच त्याचे पाठ्यपुस्तक. म्हणून सलग दोन दिवसांचे शिबिर घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन तास, असे चार आठवडे ठेवावेत. दोन बैठकांच्या मधल्या आठवड्यात प्रत्येकाने शिकलेला भाग आपल्याच कपाटावर करून आणायचा.

आधीची तयारी

एका तुकडीत आठ ते दहा जण पुरे. त्यापेक्षा जास्त असले की मागच्या रांगेतले नुसते ऐकतात, कागदाला हात लावत नाहीत. शाखेतल्या शिपायांना आणि अभिलेख कक्षात काम करणाऱ्या माणसांना या तुकडीत घ्यायलाच हवे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि तिथून रॅकवर प्रत्यक्षात तेच नेतात. ती कुठल्या खणात, कुठल्या बाजूला ठेवायची हे त्यांना ठाऊक नसेल, तर बाकीच्यांनी शिकलेले वाया जाते. बहुतेक कार्यालयांत नेमके त्यांनाच वगळतात.

काळ नीट निवडावा. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. म्हणून एक तुकडी फेब्रुवारीत घ्यावी, म्हणजे बदलून जाणारा माणूस दप्तर लावून जाईल. दुसरी जूनमध्ये, नव्याने आलेल्यांसाठी. मार्चमध्ये खर्चाची घाई असते, त्या महिन्यात कोणीही लक्ष देणार नाही.

सोबत तीन गोष्टी लागतात. पहिली, आपल्या विभागाची अ-ब-क-ड यादी, म्हणजे कोणते अभिलेख किती वर्षे जपायचे याची विभागाने ठरवलेली यादी. पूर्ण यादी वाटू नका. शाखेत खरोखर येणारे विषय तेवढे निवडून दोन पानांत बसवा आणि प्रत्येकाला एकेक प्रत द्या. दुसरी, सरावाचे चाळीस कागद. ते शाखेतल्याच जुन्या कागदांच्या छायाप्रती असाव्यात, नावे आणि आधार क्रमांक काळ्या शाईने झाकलेल्या. त्यात सगळे नमुने यावेत: नैमित्तिक रजेचा अर्ज, न्यायालयाची नोटीस, शासन निर्णय, मासिक विवरणपत्र, माहिती अधिकाराचा अर्ज, लेखा आक्षेपाचे पत्र, नागरिकाची तक्रार, स्मरणपत्र, बैठकीची सूचना, देयकाची प्रत. तिसरी, सहा रिकामे खोके किंवा ट्रे. त्यांवर अजून काही लिहायचे नाही.

कायद्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, पण तो टाळूही नये. तीनच मुद्दे सांगावेत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(क) सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची आणि अनुक्रमणिका करून नीट ठेवावेत. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये माहिती नाकारण्याची कारणे दिली आहेत, त्यांत ‘फाईल सापडत नाही’ हे कारण नाही. आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा तिसरा मुद्दा ऐकून काही जण घाबरतात आणि पुढे एकही कागद नष्ट करायला तयार होत नाहीत. त्यांना तिथेच सांगावे की शिक्षा बेकायदा नष्ट करण्याला आहे. रीतसर, यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट करणे हे कामाचाच भाग आहे.

पहिली बैठक : बारनिशी

कागद कार्यालयात आला की त्याची पहिली नोंद आवक नोंदवहीत, म्हणजे बारनिशीत, होते. ही नोंद चुकली तर पुढचे सगळे चुकते, म्हणून सुरुवात इथून. प्रत्येकाला दहा कागद द्यावेत आणि आवकचा शिक्का, क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, सहपत्रांची संख्या आणि कोणत्या संकलनाकडे, एवढे लिहायला लावावे.

चुका ठरलेल्या असतात. विषयाच्या रकान्यात ‘पत्र’, ‘अर्ज’ किंवा ‘माहिती सादर करणेबाबत’ एवढेच लिहिलेले असते. सहा महिन्यांनी त्या नोंदीवरून काहीही शोधता येत नाही. विषय लिहिताना कोणाचे, कशाचे आणि कुठले ही तीन उत्तरे यायला हवीत: ‘अमुक गाव, प्राथमिक शाळा, दोन वर्गखोल्यांची दुरुस्ती, अंदाजपत्रक’. दुसरी चूक सहपत्रांची. पत्रात ‘सोबत पाच सहपत्रे’ म्हटलेले असते, प्रत्यक्षात तीनच असतात आणि आवक करणाऱ्याने मोजलेली नसतात. महिन्याभराने उरलेली दोन कोणी हरवली यावरून वाद होतो. मोजून कमी भरली तर शिक्क्याखालीच ‘तीन सहपत्रे प्राप्त’ असे लिहून सही करावी.

आजकाल निम्मे आदेश व्हॉट्सॲपच्या गटावर येतात. त्यांवर कार्यवाही होते, पण फाईलला त्यांचा मागमूस नसतो. नियम सोपा ठेवावा: ज्या संदेशावर कार्यवाही करायची, तो छापून किंवा ई-मेलवर मागवून आवक करायचा. ‘साहेबांनी गटावर टाकले होते’ हे वाक्य लेखापरीक्षणात चालत नाही.

आवकेतून कागद संकलनात गेला की तो कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या वर्कशीटला, चढतो. तिचा साप्ताहिक गोषवारा शिकवायला फळ्यावरचे एक गणित पुरते: मागील शिल्लक ४२, या आठवड्यात आलेले ३१, एकूण ७३, निकाली २८, शिल्लक ४५. आता टेबलावरचे आणि कपाटातले कागद मोजायचे. ते ४५ भरले पाहिजेत. बहुतेकांचे भरत नाहीत, आणि त्यांना पुढच्या बैठकीत काय शिकायचे आहे हे त्याच क्षणी कळते. घरचा अभ्यास म्हणून प्रत्येकाने आपली शिल्लक मोजून आणावी. वहीतला आकडा आणि हाताने मोजलेला आकडा, दोन्ही. कमी-जास्त आले तर रागवू नये. रागावलात तर पुढच्या वेळी सगळ्यांचे आकडे तंतोतंत जुळलेले येतील आणि खरी स्थिती कधीच कळणार नाही.

दुसरी बैठक : सहा गठ्ठे

ही चारांतली सर्वांत महत्त्वाची बैठक. सहा गठ्ठ्यांची नावे पाठ करून घेण्यात अर्थ नाही; तपासणीच्या वेळी कपाटावर सहा चिठ्ठ्या सगळेच चिकटवतात. चिठ्ठ्या बरोबर असतात, आतले कागद चुकीचे. म्हणून उलटीकडून शिकवावे. चाळीस कागद टेबलावर पसरावेत आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारावा: या कागदाचे यानंतर काय व्हायचे आहे? उत्तरे आपोआप सहाच निघतात, आणि मग खोक्यांवर नावे लिहायची.

मला त्यावर काम करायचे आहे: ही प्रलंबित, म्हणजे कार्यवाहीची प्रकरणे. मी काम केले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे: प्रतीक्षाधीन. ठरावीक तारखेला दरमहा किंवा दर तिमाहीला पाठवायचे आहे: नियतकालिके. मला हा कागद पुन्हा पुन्हा वाचायला लागणार: स्थायी आदेश. काम संपले, आता जपून ठेवायचे: अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे. काम संपले आणि वर्षभरापलीकडे उपयोग नाही: नष्ट करायचे ‘ड’ कागद. गठ्ठ्यांचा क्रम कार्यालयागणिक मागेपुढे असतो, त्यावर वेळ घालवू नये.

पहिल्या गठ्ठ्यात कागद तारखेप्रमाणे, सर्वांत जुना वर. बहुतेक जण नवा वर ठेवतात, कारण तो शेवटी आलेला असतो; त्यामुळे जुने प्रकरण तळाशी जाते आणि तिथेच राहते. बदल्यांच्या त्याच कायद्यातल्या विलंब प्रतिबंधाच्या तरतुदीप्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहता कामा नये. म्हणून या गठ्ठ्याची सोमवारी उजळणी करताना फक्त वरचे पाच कागद पाहिले तरी तपासणाऱ्याला संकलनाची नाडी कळते.

सगळी लबाडी दुसऱ्या गठ्ठ्यात असते. काम जमत नाही, निर्णय घ्यायचा नाही, की कागद प्रतीक्षाधीनमध्ये सरकतो. यावर उपाय एकच: या गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रकरणावर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. कोणाच्या उत्तराची वाट पाहतो आहोत, आपले पत्र कोणत्या जावक क्रमांकाने आणि कोणत्या तारखेला गेले, आणि स्मरणपत्राची पुढची तारीख कोणती. जावक क्रमांक नसेल तर ते प्रकरण प्रतीक्षाधीन नाहीच, ते पहिल्या गठ्ठ्यात परत. सरावात मुद्दाम असे दोन-तीन कागद घालावेत ज्यांत आपण पत्र पाठवलेच नाही. चांगले अनुभवी अव्वल कारकूनही ते प्रतीक्षाधीनमध्ये टाकतात.

नियतकालिकांसाठी आतल्या दारावर बारा महिन्यांचा तक्ता लावावा: विवरणपत्राचे नाव, कोणाला, कोणत्या तारखेला, पाठवल्याची तारीख. एवढे झाले की या गठ्ठ्याचे शिकवण्यासारखे फारसे उरत नाही.

स्थायी आदेश संचिका मात्र नीट शिकवावी लागते. शासन निर्णयांच्या छापील प्रती एकावर एक ठेवल्या म्हणजे संचिका झाली, असा समज असतो. आधी विषयवार विभागणी करावी, प्रत्येक विषयात तारखेप्रमाणे लावावे, पृष्ठ क्रमांक द्यावेत आणि पुढे अनुक्रमणिका जोडावी. अनुक्रमणिकेत शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक यांबरोबर त्याच्या शेवटी छापलेला संकेतांकही लिहावा. प्रत फाटली किंवा कोणी नेली तरी शासनाच्या संकेतस्थळावरून तीच पुन्हा काढता येते. जुना निर्णय नव्याने अधिक्रमित झाला तर जुना फेकू नये. त्याच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारून ‘दिनांक अमुकच्या निर्णयाने अधिक्रमित’ असे लिहावे आणि तो जागेवरच ठेवावा. २०१२ सालच्या प्रकरणाचा वाद २०२५ मध्ये निघाला तर २०१२ मध्ये लागू असलेला निर्णयच लागतो.

तिसरी बैठक : प्रकरण बंद करणे आणि वर्ग देणे

अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षे, क म्हणजे दहा, क-१ म्हणजे पाच आणि ड म्हणजे एक वर्ष. एवढे सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते हे की वर्ग कोणी आणि केव्हा द्यायचा. कार्यालयांत वर्षानुवर्षे चालत आलेली रीत अशी की संकलन फाईल बांधून अभिलेख कक्षात ढकलते आणि वर्ग तिथला माणूस ‘अंदाजाने’ देतो. त्याने ती फाईल उघडूनही पाहिलेली नसते. तो बिचारा धोका नको म्हणून सगळ्याला ब देतो, आणि अभिलेख कक्ष भरायला लागतात ते यामुळे. वर्ग देण्याचे काम फाईल हाताळणाऱ्यानेच करायचे, अंतिम आदेश निघून जावक झाल्यावर लगेच, आणि शाखा प्रमुखाने त्यावर सही करायची. टिपणीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ पुरते: ‘प्रकरण नस्तीबंद. वर्ग क. नष्ट करण्याचे वर्ष २०३६.’

वर्ष मोजताना हमखास गोंधळ होतो. मुदत फाईल उघडली त्या दिवसापासून मोजायची नसते, बंद झाल्यापासून मोजायची. २०१९ साली उघडलेली क वर्गाची फाईल २०२५ मध्ये बंद झाली, तर दहा वर्षे २०२५ संपल्यावर सुरू होतात. म्हणजे ती २०३५ अखेरपर्यंत ठेवायची आणि नष्ट करण्याचे वर्ष २०३६. कॅलेंडर वर्ष धरायचे की आर्थिक वर्ष, ते आपल्या विभागाच्या यादीत पाहून सगळ्या शाखेने एकच धरावे. दोन टेबलांवर दोन पद्धती असल्या की नष्ट करण्याची यादी कधीच जुळत नाही.

वर्ग देण्यापूर्वी फाईल ‘साफ’ करावी लागते. तीन-तीन छायाप्रती, कच्चे मसुदे, कोरी पाने, पाकिटे काढून टाकायची. टिपणी आणि पत्रव्यवहार वेगळे करून प्रत्येक पानाला वरच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक द्यायचा; मागच्या बाजूला मजकूर असेल तर त्यालाही. तीनशे पानांच्या पुढे फाईल गेली की दुसरा खंड उघडावा, नाहीतर फीत कागद फाडते. टाचण्या आणि स्टेपलच्या तारा काढून टॅग लावावेत. कोकणातल्या दमट हवेत लोखंडी टाचणी दोन पावसाळ्यांत गंजते आणि नेमका सहीचा किंवा क्रमांकाचा कोपरा खाते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरे उचलते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरावी.

एका फाईलमध्ये वेगवेगळ्या वर्गांचे कागद असले तर काय? विभागाच्या नियमात ते वेगळे काढायला सांगितले नसेल, तर संपूर्ण फाईलला त्यांतला सर्वांत वरचा वर्ग द्यावा.

आता सराव. त्याच चाळीस कागदांपैकी निकाली निघालेले पंचवीस घ्यावेत आणि प्रत्येकाने दोन पानांची यादी समोर ठेवून स्वतंत्रपणे वर्ग लिहावा, पाऊण तासात. मग एकेक कागद वर धरून उत्तरे मोठ्याने सांगायची. नैमित्तिक रजेच्या अर्जावर कोणाचे दुमत होत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरवरही नाही. भांडण होते ते मधल्यांवर: चौकशी होऊन निकाली निघालेली तक्रार, बांधकामाचे अंदाजपत्रक, न्यायालयात गेलेले सेवाविषयक प्रकरण. हे भांडण होऊ द्यावे. प्रत्येकाने यादीतल्या नोंदीवर बोट ठेवून आपला वर्ग सिद्ध करायचा. ‘मला वाटते’ चालणार नाही. यादीत नसलेला विषय निघाला तर तो लिहून ठेवावा आणि वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन मागवावे. तोवर ते कागद नष्ट करायच्या गठ्ठ्याकडे फिरकता कामा नयेत.

अ वर्ग म्हणजे काय हे समजावायला अलीकडचे उदाहरण पुरेसे आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे तालुक्या-तालुक्यांत धुंडाळली गेली. त्यांतली कित्येक पाने मोडी लिपीत. ती लिहिणाऱ्या माणसाला शंभर वर्षांनी कोणी ते पान उघडेल याची कल्पनाही नसेल.

चौथी बैठक : अभिलेख कक्ष

ही बैठक अभिलेख कक्षातच घ्यावी, उभ्याने. खुर्च्या मांडायला तिथे जागा नसतेच.

संकलनाने फायली सोपवताना दोन प्रतींत यादी आणायची: अनुक्रमांक, फाईल क्रमांक, विषय, केव्हापासून केव्हापर्यंत, पाने, वर्ग, नष्ट करण्याचे वर्ष. अभिलेखापाल, म्हणजे अभिलेख कक्ष सांभाळणारा कर्मचारी, यादीप्रमाणे फायली मोजून एक प्रत सही करून परत देतो. यादीशिवाय आलेला गठ्ठा घ्यायचा नाही, तो शाखा प्रमुखाच्या शिफारशीने आला तरी. इथे अभिलेखापालाच्या पाठीशी कार्यालय प्रमुखाने उभे राहावे लागते. नुसत्या प्रशिक्षणाने हे होत नाही.

एका गठ्ठ्यात एकाच वर्गाच्या, एकाच शाखेच्या आणि शक्यतो नष्ट करण्याचे एकच वर्ष असलेल्या फायली. हे शेवटचे फार कमी ठिकाणी पाळतात, पण पाळले तर पुढे एकेक फाईल न उघडता अख्खा गठ्ठा काढता येतो. वर्गाप्रमाणे रुमालाचे रंग ठरलेले असतात. बऱ्याच कार्यालयांत अ लाल, ब हिरवा, क पिवळा, ड पांढरा असे असते; तुमच्याकडे जे ठरले असेल त्याचा तक्ता दारावर लावा. गठ्ठा एक वीत जाडीचा, एका माणसाला एका हाताने उतरवता येईल एवढाच. दोन्ही बाजूंना पुठ्ठे, आणि चिठ्ठी बाहेर दिसेल अशा बाजूला. चिठ्ठी रॅकच्या आतल्या बाजूला गेलेले गठ्ठे म्हणजे दर वेळी सगळे उतरवायचे काम.

रॅक भिंतीपासून आणि जमिनीपासून किमान वीतभर दूर. भिंतीला टेकवला की वाळवीला जिनाच मिळतो. पावसाळ्यात गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत, आत घाम धरतो आणि बुरशी येते. गळती असेल तर छत दुरुस्त होईपर्यंत त्या रॅकवरचे गठ्ठे हलवावेत. खाली पहिला खण अ वर्गाला कधीच देऊ नये, पाणी शिरले तर आधी तोच भिजतो.

आता घड्याळ लावून शोधण्याचा सराव. दहा चिठ्ठ्यांवर दहा जुन्या प्रकरणांचे विषय लिहून वाटा आणि दहा मिनिटांत फाईल आणायला सांगा. कोणाची किती मिनिटांत मिळाली हे फळ्यावर लिहा. ज्या फायली मिळत नाहीत त्या बहुतेक वेळा हरवलेल्या नसतात. कोणीतरी मागणी चिठ्ठी न देता नेलेल्या असतात. म्हणून फाईल काढली की तिच्या जागी पुठ्ठ्याची लांब पट्टी उभी करायची, तिच्यावर फाईल क्रमांक, कोणी नेली, तारीख. पंधरा दिवसांनी अभिलेखापालाने पट्ट्यांवर नजर फिरवून परत मागणी करायची.

नष्ट करण्याची पद्धत तोंडी सांगून भागत नाही, एक छोटी यादी प्रत्यक्ष करून घ्यावी. मुदत संपलेल्या फायलींची यादी केल्यावर प्रत्येक ओळीसमोर चार गोष्टी तपासायच्या: न्यायालयात प्रकरण आहे का, लेखा आक्षेप बाकी आहे का, विभागीय किंवा इतर चौकशी चालू आहे का, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा अपील प्रलंबित आहे का. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर मुदत संपलेली असूनही फाईल ठेवायची. मागितलेली माहिती नष्ट केली तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मग सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी, दोन जबाबदार कर्मचाऱ्यांसमोर यंत्रात तुकडे करणे आणि पंचनामा. अख्ख्या फायली रद्दीवाल्याला वजनावर देऊ नयेत. कोणाचा तरी बँक खाते क्रमांक मग भेळेच्या पुडीवर सापडतो. काय नष्ट केले याची नोंदवही मात्र कायम ठेवायची. जुने, ऐतिहासिक वाटणारे कागद निघाले, मोडी, फारसी, ब्रिटिशकालीन शिक्के, तर यादीतून बाजूला काढून पुराभिलेख संचालनालयाला कळवावे. मुंबईचे हे दप्तर १८२१ पासूनचे आहे; काय ठेवायचे ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

संगणकावरचे दप्तर

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि मजलेच्या मजले फायली जळाल्या. त्यानंतर स्कॅनिंगचा उत्साह सगळीकडे वाढला, पण स्कॅन केलेला कागद सापडला नाही तर तो नसल्यातच जमा. स्कॅनिंग शिकवताना तीन गोष्टींवर भर द्यावा. रिझोल्यूशन ३०० डीपीआय; त्याखाली जुन्या शाईचे अक्षर वाचता येत नाही. फाईलचे नाव ठरलेल्या साच्यात: वर्ष, शाखा, फाईल क्रमांक, विषयाचे दोन शब्द. ‘नवीन स्कॅन ००३’ अशा नावांच्या हजारो फायली म्हणजे दुसरा ढीग. आणि मजकूर युनिकोडमध्ये. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली पत्रे संगणकावर शोधली तर मिळत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते.

ई-ऑफिसवर, म्हणजे फायली संगणकावरच चालवण्याच्या प्रणालीवर, काम करणाऱ्यांनाही वर्ग द्यावा लागतो, हे स्पष्ट सांगावे. तिथे ढीग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फायली बंदच केल्या जात नाहीत. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकता येत नाही. मूळ कागदाची मुदत त्याच्या वर्गाप्रमाणेच चालते.

महिन्याने आणि बदलीच्या वेळी

शेवटच्या बैठकीनंतर तिसाव्या दिवशी, न सांगता, प्रत्येक कपाट दहा मिनिटे पाहावे. प्रतीक्षाधीनमधली तीन प्रकरणे काढून जावक क्रमांक बघायचा, गोषवाऱ्याची शिल्लक हाताने मोजायची, आणि पाचव्या गठ्ठ्यात महिनाभर पडून असलेले काही आहे का ते बघायचे. त्या गठ्ठ्यातले कागद दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अभिलेख कक्षात गेलेच पाहिजेत. ज्याचे कपाट बिघडलेले आढळेल त्याला पुन्हा चारही बैठकांना बसवण्यात अर्थ नाही. बहुतेकांचा घोळ दुसऱ्या गठ्ठ्यातच असतो, तेवढाच पुन्हा घ्यावा.

बदली झालेल्या माणसाकडून कार्यभार घेताना ‘दप्तर जसे आहे तसे’ या शेऱ्यावर सही घेण्याची प्रथा मोडावी. सहाही गठ्ठ्यांची प्रकरणनिहाय यादी, अभिलेख कक्षातून नेलेल्या फायलींची यादी आणि ई-ऑफिसमधल्या खुल्या फायलींची यादी, अशा तीन याद्या दोघांनी मिळून जुळवायच्या. एका साध्या संकलनाला याला दीड दिवस लागतो, तेवढा वेळ कार्यमुक्तीच्या आदेशातच धरावा. कपाटाच्या किल्ल्या तिसऱ्या यादीवर दोघांच्या सह्या झाल्यावर द्यायच्या.